ग्लास क्रमांक चार

जुफेरमधल्या हॉटेलाचं तळघर, एसी सोळावर.
बाहेर रात्री नऊलाही हवा
ओल्या टॉवेलासारखी तोंडावर बसलेली.
आत आम्ही सहा जण, सहा पेन्सिली,
बिनमिठाची बिस्किटं,
आणि पन्नास गुणांचा कागद:
वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस,
तोंडातल्या भाराला पाच,
बाकीचे दहा मनाचे.

मला बोलावलं कारण मी पाणी चाखते.
हिद्दच्या प्लांटवर, एकवीस वर्षं.
समुद्रातून मीठ काढलं की जे उरतं
त्याला चवच नसते. ती आम्ही घालतो,
चिमूटभर चुना, थोडी दगडाची आठवण.
मनामाच्या निम्म्या चहात माझा हात आहे
आणि हे कुणाला ठाऊक नाही.

यादीत लिहिलं होतं: राय.
आपल्याकडे राई म्हणजे मोहरी, जिचा पर्वत करतात.
राई म्हणजे झाडांची दाटी, आमराई, देवराई.
ही तिसरीच.
थंड मुलखातलं करडं धान्य, गरिबाच्या पावाचं,
हिचा कुणी पर्वत केला नाही
आणि हिच्या सावलीत देवही बसला नाही.
नाव नसलेली चव ओळखायची
म्हणजे परक्या घरात, अंधारात
दिव्याचं बटण चाचपणं.

पहिला ग्लास गोड. नुसताच.
दुसरा कडू, पण किराइतासारखा कामाचा नाही,
उगाच शेखी मिरवणारा.
तिसऱ्यात सापडलं बटण:
नाचणीच्या भाकरीची करपलेली कड,
मागून मिरी, सावकाश.
हं, म्हटलं, ही तू.

चौथा.
रंग चिंचेनं घासायच्या आधीच्या तांब्याचा,
फेस दाट, बोट बुडवावंसं वाटणारा.
घोट पेजेच्या निवळीसारखा गुळगुळीत सरकला
आणि अगदी शेवटी, घशाच्या वळणावर
एक आंबट, बारीक रेघ.

वाक्लाव मान डोलवत होता.
नायलाबाईंनी त्रेचाळीस लिहिले, झाकलेही नाहीत.
मी पेन्सिल खाली ठेवली.

उभादांड्याला बाबा माड चढायचे,
कमरेला कोयती, पाठीला मडकं.
पहाटे उतरवलेली माडी गोड असायची,
दुपारी ती बोलायला लागे,
संध्याकाळी भांडायला.
ही रेघ दुपारी दोनची होती.
शाळेतून येऊन मी चोरून बोट बुडवायचे, ती.

बाबा म्हणत,
"सकाळची ती सकाळची, दुपारची ती दुपारची.
मडक्यात काय आसा ता जीभ सांगता,
जिभेन सांगला ता तोंडान सांगूचा.
गिऱ्हायकाक फसवू नको."

आवडलं होतं, म्हणून तर संशय आला.
पुन्हा घोट घेतला. बिस्किट. पाणी. पुन्हा.
रेघ तिथेच.
चवीच्या विसातले बारा.
शेरा लिहिला: राय उत्तम, भार उत्तम.
शेवटी आंबट होते, ती मुद्दाम आणलेली नाही.
नळ्या उकळून घ्याव्यात.
एकूण एकतीस.
खोडरबर हाताशी होतं. वापरलं नाही.

मंडळी उठली, जेवायला वर गेली.
मी चौथा ग्लास संपवला,
तळाशी साचलेल्या गढूळ घोटासकट.
त्याच्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

मागच्या दाराशी लसंता पिंपं धूत होता,
गमबूट, भिजलेला एप्रन.
त्यानंच गाळलेले होते सगळे सहा.
कुठल्याला किती, हे विचारायचं नाही
असा नियम; त्यानं पाळला.
एवढंच म्हणाला, "मॅडम, पाणी बरोबर होतं ना?
मला पाण्याचीच भीती वाटते इथे."

"पाण्यात काही खोट नव्हती," मी म्हटलं,
जरा जास्तच ठासून.

टॅक्सी पुलावर चढली तेव्हा
प्लांटचे दिवे पाण्यात उलटे लटकत होते.
रात्रपाळीला आज शिवकांत.
चुना नेहमी हात राखून टाकतो.
उद्या त्याच्याशी बोलायला हवं.